आठ माणसांत न मावणारं घर

प्रति,
'द सिम्स ४' बनवणारी मॅक्सिसची मंडळी,
इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, रेडवूड सिटी, कॅलिफोर्निया

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहिते आहे. तुमच्या कंपनीचं एक कार्यालय हैदराबादला आहे. तिथे शोधलंत तर सोलापूरचा नाहीतर नांदेडचा एखादा मुलगा नक्की सापडेल, तो वाचून दाखवेल. शिवाय ज्या गेममधली माणसं पंचवीस वर्षं सिमलिश नावाच्या बनावट भाषेत बडबडतात आणि तरी जगभर सगळ्यांना कळतात, तो गेम बनवणाऱ्यांनी भाषेची एवढी काळजी करू नये.

आधी कबुली देऊन टाकते. तुमचा पहिला 'द सिम्स' आला ४ फेब्रुवारी २००० रोजी. माझ्यापर्यंत तो पोचला २००३ च्या मे महिन्यात, लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या आणि वर मार्करने नाव लिहिलेल्या सीडीवर. त्यातला एक रुपयाही तुम्हाला मिळाला नाही. 'सिम्स २' सुद्धा तसाच खेळले. 'सिम्स ३' मैत्रिणीकडे जाऊन खेळले. नोकरी लागल्यावर 'सिम्स ४' मात्र रीतसर पैसे मोजून घेतला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तुम्ही तो सगळ्यांना फुकट करून टाकलात. आपला हिशेब तिथे मिटला असं मी धरते.

आता कामाचं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या पुतणीने आमचं घर गेममध्ये उभं करायचं ठरवलं. ती सहावीत आहे. आमचं घर म्हणजे डोंबिवलीतले शेजारशेजारचे दोन फ्लॅट, मधली भिंत फोडलेली. माणसं नऊ. आजोबा, आजी, आजीची धाकटी बहीण (पुतणीची मावशीआजी, माझी मावशी), पुतणीचे आईबाबा, धाकटा काका, मी म्हणजे आत्या, ती स्वतः आणि तिचा चार वर्षांचा भाऊ. आठ माणसं झाली आणि नवव्याला गेमने जागाच दिली नाही. एका कुटुंबात आठाच्या वर सिम्स, म्हणजे गेममधली माणसं, मावत नाहीत, हे मला वीसेक वर्षं माहीत आहे, पण आजवर कधी बोचलं नव्हतं. पुतणी माझ्याकडे वळून म्हणाली, "आत्या, कुणाला काढू?"

हा प्रश्न आमच्या घरात याआधी फक्त टॅक्सीत बसताना पडत असे.

मग दोन दिवस आम्ही दोघी त्या गेमला चिकटून बसलो. माणूस घडवण्याची तुमची जी खोली आहे, क्रिएट अ सिम, तिच्यात इतका वेळ मी कधी काढला नव्हता. मी एरवी घरं बांधणाऱ्यांतली. माणसं मला पटकन तयार लागतात, घरात ठेवायला. पुतणीचं उलट. तिला नाक आजोबांचंच हवं होतं. तुमच्या गेममध्ये नाक धरून ओढता येतं, गाल दाबता येतात, कान बाहेर काढता येतात. २०१४ मध्ये ही गोष्ट पहिल्यांदा बघितली तेव्हा मी थक्क झाले होते आणि आजही ती मला तुमची सगळ्यात मोठी करामत वाटते. अर्ध्या तासात आजोबांचं नाक आलं. आजोबा चष्मा लावून बघून गेले आणि म्हणाले, "हे माझ्या वडिलांचं नाक आहे." बरोबरच होतं.

पण नाक जमलं तरी उंची कुठली जमायला! माझी आई चार फूट अकरा इंच, बाबा पाच फूट दहा. त्यांच्या लग्नाच्या फोटोत आईला पाटावर उभं केलेलं आहे आणि पाट दिसू नये म्हणून शालू पुढे ओढलेला आहे. तुमच्या गेममध्ये पाट लागत नाही. कॉलेजातल्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे एका मापाचे. कारण मी ताडू शकते: दोन माणसं मिठी मारणार, हात मिळवणार, एकमेकांच्या गळ्यात पडणार, तर उंची एकच असली की हालचाल एकदाच बसवावी लागते. पण त्यामुळे झालं काय, तर माझ्या आईने माझ्या वडिलांकडे मान वर करून बघणंच बंद झालं. पन्नास वर्षांच्या संसारातली निम्मी भांडणं ती मान वर करून भांडली आहे.

रंगाचं मात्र तुम्ही केलंत, आणि उशिरा का होईना, चांगलं केलंत. गेम आला तेव्हा गडद रंग मोजकेच होते आणि त्यांच्यावर एक करडी झाक यायची. माणूस काळा दिसण्याऐवजी अंगाला राख फासल्यासारखा दिसायचा. खेळणारे वर्षानुवर्षं हे सांगत होते. अमेरिकेतल्या अमिरा व्हर्जिल, ज्यांना सिम्सवाले एक्समिरामिरा म्हणून ओळखतात, त्यांनी तर तुमची वाट न बघता 'मेलनिन पॅक' नावाने स्वतःच रंग तयार करून लोकांना दिले. डिसेंबर २०२० मध्ये तुमचे शंभरावर नवे रंग आले. उबदार, थंड, मधली अशी झाक निवडायची सोय आली, वर फिकट-गडद करायची पट्टी आली. त्याच वर्षी आमच्याकडे 'फेअर अँड लव्हली'ने नावातला 'फेअर' काढून तिथे 'ग्लो' घातला. दोन्हींतलं कुठलं काम जास्त मेहनतीचं होतं ते सांगायला नको.

मराठीत रंगाला शब्द भरपूर आहेत. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा, काळा. यातले पहिले तीन लग्नाच्या जाहिरातीत चालतात, पुढचे देवळात. विठोबा सावळाच लागतो, सून तेवढी उजळ हवी. पुतणीने तिच्या आईचा, म्हणजे माझ्या वहिनीचा, रंग लावायला दहा मिनिटं घेतली. वहिनी मागे उभी राहून "थोडी उजळ कर की गं" म्हणत होती. पुतणीने पट्टी आणखी थोडी गडद बाजूला सरकवली, आईच्या हाताशी स्क्रीन ताडून पाहिली आणि म्हणाली, "आता बरोबर." वहिनी काही बोलली नाही. रात्री मी पाहिलं, तिने त्या चेहऱ्याचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवला होता.

मग मावशीची पाळी आली. मावशीच्या अंगावर कोड आहे. आमच्याकडे हा शब्द हळू आवाजात उच्चारतात. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी जागोजागी नाहीशा होतात, बाकी काही नाही. ते स्पर्शाने पसरत नाही, माणूस त्याने दुबळा होत नाही. पण मावशीच्या तरुणपणी स्थळं यायची, कांदेपोहे व्हायचे, चहा देताना मनगट दिसायचं आणि चार दिवसांनी निरोप यायचा की पत्रिका जमत नाही. मावशीची पत्रिका कुणाशीच जमली नाही. ती अजून पूर्ण बाह्यांचे ब्लाउज शिवून घेते, मे महिन्यातसुद्धा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तुम्ही विनी हार्लो या मॉडेलला बरोबर घेऊन गेममध्ये कोड आणलंत. चेहरा, हात, पाय, पोट, प्रत्येक ठिकाणी वेगवेगळे नमुने. पुतणीला ते माहीत होतं. मला नव्हतं. तिने मावशीआजीला हाक मारली, खुर्ची दिली आणि विचारलं, "डावा हात दाखव ना, कुठून कुठपर्यंत आहे?" मी जागच्या जागी गोठले. मावशीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि बाही कोपरापर्यंत वर सारली. मग दोघी एक एक नमुना लावून बघत बसल्या. शेवटी मावशीच म्हणाली, "मानेवरचा राहिला बघ."

त्या संध्याकाळी तुमच्या सॅन मायशुनो शहरात मावशी अर्ध्या बाह्यांचा झगा घालून बाजारात फिरली. कुणी वळून बघितलं नाही. वळून बघण्याची सोयच तुम्ही ठेवलेली नाही. याबद्दल तुमचे मनापासून आभार.

आणि आता तक्रार. ती नेमकी याच्या उलट आहे, म्हणून नीट ऐका.

माझ्या पुतणीच्या दोन्ही कानांना मशीन आहे. श्रवणयंत्र हा शब्द कागदावर. घरात, शाळेत, डॉक्टरकडेही आम्ही 'कानाचं मशीन' म्हणतो. साडेतीन वर्षांची असल्यापासून आहे. ३१ जानेवारी २०२३ च्या अपडेटमध्ये तुम्ही सिम्सना कानाची मशीन दिलीत, वेगवेगळ्या रंगांत, एका कानाला नाहीतर दोन्ही कानांना. त्याच अपडेटमध्ये रक्तातली साखर मोजणारा दंडावरचा सेन्सर आला आणि शस्त्रक्रियेचे व्रणही आले. ते मशीन पहिल्यांदा दिसलं तेव्हा पुतणी खुर्चीवर उभी राहिली होती. तिने स्वतःची बाहुली बनवून त्याच वेळी जांभळं मशीन लावलं. खरं तिचं करडं आहे. जांभळ्यासाठी ती दोन वर्षं मागे लागली आहे.

या दिवाळीत ती ते काम पुन्हा, जास्त बारकाईने करत होती. तुमच्याकडे कपड्यांचे प्रकार असतात: रोजचे, समारंभाचे, व्यायामाचे, झोपायचे, पोहायचे, थंडीचे. प्रत्येकात मशीन वेगळं लावावं लागतं. तिने झोपायच्या कपड्यांतून मशीन काढलं. पोहायच्या कपड्यांतूनही काढलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. रात्री मशीन डबीत ठेवायचं आणि पाण्यात न्यायचं नाही, हे तिच्या हाताला माहीत आहे. मग तिने बाहुलीला तलावात सोडलं आणि काठावरून आईला हाक मारायला लावली. बाहुलीने लगेच मान वळवली.

"हिला ऐकू कसं आलं?" पुतणीने विचारलं.

मी म्हटलं, गेम आहे गं. ती म्हणाली, "मग मशीन कशाला दिलंय? कानातल्यासारखं?"

मला उत्तर सुचलं नाही, म्हणून तो प्रश्न पत्राने तुमच्याकडे पाठवते आहे.

यावर मी बरेच दिवस विचार केला. कोडाच्या बाबतीत गेमने काहीच करू नये, हेच बरोबर आहे. कोड माणसाला काही करत नाही, लोक करतात, आणि ते लोक तुम्ही गेममधून काढून टाकलेत. मशीनचं तसं नाही. मशीन दिवसभर काहीतरी करत असतं. पावसाळ्यात दमट हवेने ते खरखरतं म्हणून रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवावं लागतं. सेल नेमका परीक्षेत संपतो. लग्नात बँड सुरू झाला की पुतणी मंडपाबाहेर जाऊन उभी राहते, कारण मशीन नवऱ्याचे मामा आणि ट्रम्पेट यांत फरक करत नाही. आणि घरात धाकट्याने भोकाड पसरलं की ती शांतपणे दोन्ही मशीन काढून टेबलावर ठेवते आणि अभ्यासाला बसते. ही सोय घरात आम्हा कुणालाच नाही. आम्ही सगळे तिचा हेवा करतो.

यातलं काही गेममध्ये आणलं तर बाहुलीला ते ओझं होईल, अशी भीती तुम्हाला वाटत असेल. म्हणजे कुणी म्हणेल, अपंग माणसाला गेममध्येही त्रासच का द्यायचा? भीती रास्त आहे. पण तुमच्याच गेममधलं बघा. रेडिओ मोठा लागला की झोपलेला सिम उठतो, वैतागतो. मशीन काढून झोपलेला सिम उठू नये, एवढंच करा. त्याच्यासाठी लुकलुकणारी दाराची बेल ठेवा. 'मशीन काढून ठेव' अशी एक क्रिया द्या आणि तिच्यापुढे एकाग्रतेचे दोन गुण लिहा. फार मागितलं का?

'तांत्रिकदृष्ट्या अवघड' हे उत्तर तर मी ऐकूनच घेणार नाही. २०१७ मध्ये तुम्ही व्हॅम्पायर आणलेत; ते उन्हात गेले की भाजतात, जेवणाऐवजी रक्त मागतात, रात्री जागतात. २०१९ मध्ये जलपऱ्या आणल्यात, त्यांना पाण्यावाचून करमत नाही. २०२२ मध्ये माणूस-लांडगे. वेगळ्या शरीराला वेगळे नियम लागतात हे तुम्हाला शिकवायला नको, तुम्ही ते इतकं प्रेमाने केलं आहे की लोक त्यासाठी पैसे मोजतात. फक्त ती शरीरं या जगातली नाहीत. चाकाची खुर्ची लोक किती वर्षं मागत आहेत! जिने, दारं, पलंग, न्हाणीघर, सगळीकडे नवी हालचाल बसवावी लागेल हे मला समजतं. पण २०२३ मध्ये तुम्ही माणसाला घोड्यावर बसवलंत. घोडा जास्त अवघड असावा, मला तरी तसं वाटतं.

(आजोबांच्या दंडावर पुतणीने साखरेचा सेन्सर लावला. मग गेममधल्या आजोबांनी फ्रिजमधून अख्खा केक काढून एकट्याने खाल्ला. खरे आजोबा मागे उभे राहून बघत होते. इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर क्वचित पाहिलं आहे. हे मात्र बदलू नका.)

थोडक्यात, वेगळेपण तुम्ही कपाटात आणून ठेवलंत, पण ते घरात वावरत नाही. कपाटाच्या चाव्याही विकत मिळतात, हे वेगळंच. २०१६ च्या 'सिटी लिव्हिंग' या वेगळ्या विकत घ्यायच्या पॅकमध्ये भारतीय धाटणीचे कपडे आणि मसाल्यांचा उत्सव आला. ऑक्टोबर २०२१ मध्ये तुम्ही 'फॅशन स्ट्रीट किट' काढलंत, थेट मुंबईवरून. बॉम्बे जिमखान्यासमोरच्या त्या रस्त्यावर मी कॉलेजात असताना दर महिन्याला जायची. तिथला नियम सोपा आहे: तो पाचशे म्हणाला की आपण दीडशे म्हणायचं आणि पाठ फिरवून चालायला लागायचं. तुमचं किट पाच डॉलरला. पाठ फिरवून पाहिली, कुणी "ओ ताई" म्हणून हाक मारली नाही. सगळे पॅक्स आणि किट्स मिळून रक्कम हजार डॉलरच्या वर जाते, तेव्हा पुतणीची साडी एका पॅकमध्ये, चाळ दुसऱ्यात आणि आत्या तिसऱ्यात अशी आमची वाटणी होते.

साडीवरून आठवलं. माझी आजी नऊवारी नेसायची. पुतणीला खापरपणजीपर्यंत अख्खं झाड बनवायचं होतं. माझ्याकडच्या पॅक्समध्ये नऊवारी नाही. काष्टा घातलेली साडी ही तुमच्या कारागिरांना आवडेल अशी गोष्ट आहे: आहे साडी, पण दोन पाय मोकळे. ती नेसून बायका शेतात लावणी करतात, लेझीम खेळतात, लक्ष्मीबाई घोड्यावर बसलेली दाखवतात तीही त्यातच. तुमच्याकडे घोडा तयार आहे, एवढंच सुचवते. जगभरातले हौशी कलाकार असलं बरंच काही बनवून फुकट वाटतात, मी उतरवूनही घेते. पण हे संगणकावर. कन्सोलवर खेळणाऱ्या पोरांना त्यातलं काही लावता येत नाही.

नावांची गंमत सांगते. सॅन मायशुनोत तुम्ही अरुण आणि जसमिंदर भीडा हे जोडपं ठेवलं आहे. भीडा हे आडनाव कुठलं यावर आमच्या घरात वाद झाला. बाबांनी 'भिडे असणार, छापताना चूक झाली' असा निकाल दिला. मला मात्र तुमच्या या अडाणीपणाचं कौतुक आहे. आमच्याकडे कुणी नुसतं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, "पूर्ण नाव?" तो प्रश्न आडनावासाठी असतो आणि आडनाव कशासाठी असतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. भाड्याचं घर बघताना, डब्यात काय आणलंस विचारताना, मुलगी बघताना. तुमच्या सिम्सना आडनाव ऐकून काहीही कळत नाही. पुतणीने शेजारच्या प्लॉटवर तिच्या वर्गातल्या चार मैत्रिणींची चार आडनावांची घरं वसवली आणि सगळ्या एकमेकींच्या स्वयंपाकघरात बेलाशक शिरत होत्या. याला हात लावू नका.

सर्वनामांबद्दल एक ओळ. मे २०२२ मध्ये तुम्ही सिमची सर्वनामं निवडायची सोय केलीत, सुरुवात इंग्रजीपुरती. मराठीत यायचा विचार कधी केलात तर आधीच सांगून ठेवते, नुसतं 'तो, ती, ते' बदलून भागणार नाही. आमच्याकडे क्रियापदही लिंग सांगतं: तो दमला, ती दमली, ते दमलं. विशेषण सांगतं. आणि आजोबा एकटे असले तरी 'दमले', कारण आदर. तुमच्या भाषांतरकाराला झीट येईल. नात्यांचंही तेच. इंग्रजीत आत्या आणि मावशी एकाच शब्दाने ओळखल्या जातात. पुतणीने गेममधला तो शब्द वाचला आणि म्हणाली, "म्हणजे तुम्ही दोघी एकच?" आत्या आणि मावशी एकच! हे आमच्या घरात मोठ्याने बोलून बघा. तूर्त आम्हाला सिमलिश पुरते. पुतणी फोन उचलल्यावर 'सुल सुल' म्हणते आणि पलीकडची माणसं आपोआप ओळखून घेतात.

धाकट्या काकाचं लग्न पुतणीने परस्पर ठरवलं. शेजारच्या दाढीवाल्या बागकाम करणाऱ्याशी. काका हसला आणि "हॉल कुठला घेतलास?" म्हणाला. आजी देवापाशी दिवा लावायचा राहिला म्हणून उठून गेली. दिवा लागलेला होता. आमच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा प्रेमाला गुन्ह्यातून बाहेर काढलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये लग्नाला कायद्याने मान्यता द्यायचं नाकारलं. तुमच्या गेममध्ये ते लग्न २००९ पासून, 'सिम्स ३' पासून, होतं आहे. काकाबद्दल याहून जास्त मी लिहिणार नाही.

पण यामुळेच तुमच्याकडची एक जुनी हकीकत आठवली. पहिला गेम तयार होत असताना पॅट्रिक बॅरेट नावाचा एक नवखा प्रोग्रामर तुमच्याकडे लागला. त्याच्या हातात आराखड्याचा जुना कागद पडला, ज्यात सारख्या लिंगाच्या दोघांचं प्रेम अजून खोडलेलं नव्हतं. बाकीच्यांनी ते वगळायचं ठरवलं होतं, हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्याने कागदाबरहुकूम काम केलं. १९९९ च्या ई-थ्री प्रदर्शनात गेम लोकांसमोर चालू असताना, लग्नाला आलेल्या दोन बायकांनी आपल्या आपण एकमेकींचं चुंबन घेतलं आणि गर्दी थांबली. म्हणजे ज्या गोष्टीबद्दल जगभर तुमचं नाव घेतात, ती एका जुन्या कागदामुळे आणि कुणीतरी वेळेवर 'नको' न म्हटल्यामुळे आली.

म्हणून मला आता जरा धास्ती वाटते. सप्टेंबर २०२५ मध्ये तुमची कंपनी ५५ अब्ज डॉलरला विकत घेण्याचा व्यवहार जाहीर झाला, आणि घेणाऱ्यांत सौदी अरेबियाचा सरकारी गुंतवणूक निधी आहे. त्यानंतर तुमच्या गेमवर वर्षानुवर्षं व्हिडिओ बनवणारी काही मंडळी तुमच्यापासून दूर झाली. मालकांच्या मनात काय आहे ते मालक जाणोत. मी मालकांना लिहीतच नाही, तुम्हाला लिहिते आहे, जे उद्या सकाळी टेबलावर बसून एखाद्या फाइलमध्ये काय ठेवायचं आणि काय काढायचं ते ठरवाल. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'माय वेडिंग स्टोरीज'च्या जाहिरातीत दोन बायकांचं लग्न होतं. रशियात ते चालणार नाही असं दिसल्यावर ते बदलून विकण्याऐवजी तुम्ही आधी तिथे पॅकच आणणार नाही म्हणालात, आणि तिथल्या खेळणाऱ्यांनी ओरड केल्यावर काहीही न कापता आणलात. तेव्हा जमलं होतं. फाइलमधून कुणाचं मशीन, कुणाचं कोड, कुणाची बायको गुपचूप काढून टाकायला फार लोक लागत नाहीत. पहिल्या वेळी न काढायलाही एकच माणूस पुरला होता.

राहिला आठाचा प्रश्न. 'फॉर रेंट' पॅकमध्ये, डिसेंबर २०२३ मध्ये, तुम्ही एका जागेवर अनेक बिऱ्हाडं आणलीत. भिंतीला कान लावणारे शेजारी, दुसऱ्याच्या घरात डोकावणं, गुपितं. पॅक आग्नेय आशियावर बेतलेला आहे म्हणतात, पण बांधणारीने मनात आणलं तर ती गिरगावची चाळ आहे. मी तीन मजली बांधली, लांब गॅलरीसकट. म्हणजे घर तुम्ही दिलंत. त्यात राहणारं एकत्र कुटुंब मात्र आठावर थांबतं. संगणकावर भार पडतो हे मान्य. तरी ज्यांची यंत्रं झेपतील त्यांना नवव्या माणसाची मुभा द्या. नाहीतर निदान दोन बिऱ्हाडांचं एकच स्वयंपाकघर होऊ द्या आणि शेजारच्या फ्लॅटमधला सिम बेल न वाजवता आत येऊ द्या. आमची मधली भिंत फोडायला बाबांना १९९८ मध्ये सोसायटीचा ठराव लागला होता. तुम्हाला एक अपडेट लागेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
डोंबिवलीची एक आत्या

ता. क. पुतणीने शेवटी मला काढलं. म्हणाली, "तू तर माऊस धरून बाहेरच बसलेली असतेस." मी शेजारच्या प्लॉटवर एकटी राहते. रोज सकाळी त्यांच्या दाराशी जाऊन बेल वाजवते. मावशी बहुतेक वेळा उघडते. काल पुतणीच्या बाहुलीने उघडलं नाही, ती आत अभ्यास करत होती; मशीन टेबलावर काढून ठेवलेलं आहे असं आम्ही दोघी धरून चाललो.